दमट हवा

जमिनीतून आपोआप गरम वाफ येते आणि काही देशांत तिच्यावर वीज करतात, हे मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग कोळशाची कटकट नाही. सुखी लोक दिसतात." मी म्हटलं, सुखी कसले, त्या वाफेबरोबर जमिनीतून एक गॅससुद्धा येतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "गॅस? मग तू जाऊ नको तिकडं."

मला कोण पाठवत होतं! पण ते पुढं येईलच.

बाबा नागपूरचे. सरकारी कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा कारकून म्हणून तिच्याबरोबर आले आणि इथलेच झाले. 'काय करून राहिली' हे तेवढं शेवटपर्यंत सुटलं नाही. डिसेंबरातल्या त्या रात्री, भोपाळात विषारी गॅस सुटला त्या रात्री, ते आत्याला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले होते. परत आले, म्हणजे जिवंत आले, पण त्यानंतर त्यांना एक जिना सलग चढता आला नाही. आई दोन-चार वर्षांत गेली. मी लग्न केलं नाही. का, ते सांगायचं इथं कारण नाही. मी विजेची यंत्रं करणाऱ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, टाऊनशिपमध्ये क्वार्टर होतं, खाली, अंगणासकट. बाबांना तिथं आणलं. त्यांचे डॉक्टर भोपाळचे, त्यांचं हॉस्पिटल भोपाळचं. त्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "इन्हें यहाँ से हिलाना मत. ही छाती आम्हाला पाठ झालेली आहे, दुसरीकडे पहिल्यापासून सुरू होईल." ते मी गाठीशी बांधून ठेवलं होतं.

आमचा विभाग लहान. जनित्राच्या फिरणाऱ्या भागाला लोहचुंबक करण्यासाठी थोडी वीज बाहेरून द्यावी लागते. ती किती द्यायची हे ज्या कपाटातून ठरतं ते कपाट आम्ही बनवत असू. रेग्युलेटर म्हणतात त्याला. जनित्र चाळीस-चाळीस वर्षं चालतं, कपाट आधी म्हातारं होतं. त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, ते उघडून बसणारी माणसं निवृत्त होतात. मग जनित्र तेच ठेवून कपाट नवं द्यायचं. हेच आमचं काम, आणि ते आम्हाला चांगलं जमत होतं. पण वरच्यांना विभाग नको होता. एवढी मोठी शेडं सोडून या कोपऱ्यातल्या कपाटवाल्यांना कशाला पोसायचं, असं चाललं होतं. अशात दूरच्या एका बेटावरच्या वीजकेंद्राचं काम आलं. वाफ जमिनीतली, जनित्रं जुनी, कपाटं त्याहून जुनी. पहिल्या जनित्राचं कपाट आधी बदलायचं. ते नीट चाललं तर बाकीची सगळी आमचीच. आमच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "हे जमलं तर विभाग राहील. नाही जमलं तर दक्षिणेतल्या कारखान्यात बदल्या. सामान बांधायची तयारी ठेवा."

इतरांना बदली म्हणजे बदली. मला ती म्हणजे बाबा. एवढं लक्षात ठेवा म्हणजे पुढं मी इतकी का पेटले ते कळेल.

आमचे साहेब अमरावतीचे. बाबांना 'भाऊ' म्हणायचे, गणपतीत मराठी मंडळाच्या आरतीला मोठ्यानं टाळ्या वाजवायचे, मला 'बेटा' म्हणायचे. माणूस वाईट म्हणावा तर तसा नव्हता. अडल्यानडल्याला गाडी पाठवायचा. फक्त कुठलीही गोष्ट अंगावर आली की ती शेजारच्याच्या अंगावर कशी सरकवायची, याची कला त्यांच्याकडे उपजत होती. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं.

मी त्या केंद्राची माहिती वाचायला घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्या गॅसपाशी अडले. तो अंड्याच्या वासाचा गॅस चांदी काळी करतो, तांबं खातो. जुन्या कपाटातली वीज जोडणारी चांदीची टोकं बोटाएवढी जाड, तिथली माणसं ती पॉलिश पेपरनं घासून घासून पुन्हा लावत. म्हणून ती टिकली. आमच्या नव्या कपाटात काय? इलेक्ट्रॉनिक कार्डं, केसासारख्या तांब्याच्या रेघा. त्या कोण घासणार? आणि आमची कपाटं भोपाळच्या मे महिन्याला धरून केलेली. दाराला झरोके, वर पंखा, बाहेरची हवा आत ओढायची आणि गरम हवा फेकायची. म्हणजे आम्ही तो गॅस हातानं ओढून कार्डांना पाजणार होतो! उपाय अवघड नव्हता. कपाट बंद करा, आत थंड करणारं यंत्र बसवा, कार्डांवर लेप द्या, खोलीत येणारी हवा कोळशाच्या गाळणीतून आणा. खर्च थोडा वाढतो आणि नकाशे पुन्हा मंजूर करून घ्यावे लागतात. बस.

मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं. सांगताना 'गॅस' म्हटलं आणि टेबलाभोवती सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिलं. इतर गावांत हा साधा शब्द आहे हो. आमच्याकडे नाही. आमच्याकडे सिलिंडरलासुद्धा लोक टंकी म्हणतात. विक्री विभागाचा माणूस खाकरला आणि म्हणाला, "मॅडम, ये शब्द ड्रॉइंग में मत डालिए. एकदा टाकलं की फाईल सेफ्टीवाल्यांकडे जाते, तिथून कमिटीत, आणि भोपाळमध्ये या शब्दाखाली कुणी सही करत नाही. माल निकलेगा ही नहीं." खोटं बोलत नव्हता तो. त्या रात्रीनंतर आमच्या कारखान्यात हीच रीत पडली होती. वेल्डिंगचासुद्धा गॅस कागदावर 'माध्यम' व्हायचा. सगळ्यांना ठाऊक, कुणाला त्याचं काही वाटत नसे. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "मग लिहा ना, दमट हवा. बेटच आहे, हवा दमट असणारच."

"साहेब, दमट हवेला झरोके लागतात आणि आत हीटर लागतो. गॅसला झरोके बंद करावे लागतात. हे उलट आहे एकमेकांच्या."

"बेटा, शब्दासाठी ऑर्डर घालवायची काय?"

आणि 'दमट हवा' लिहिलं गेलं. एकदा ते लिहिलं की पुढचं सगळं त्या शब्दाप्रमाणं होत गेलं. नकाशावाल्यानं दमट हवेचे झरोके काढले, चांगले मोठे काढले. खरेदीवाल्यानं हीटर मागवले. कुणीही चूक केली नाही. प्रत्येकानं समोर लिहिलेलं बघून आपलं काम चोख केलं.

मी गप्प बसणारी नव्हते. बोलून कळत नाही ना, मग दाखवते, असं ठरवलं. जवाहर चौकातून डझनभर अंडी आणली. टाऊनशिपच्या बाजारातून नाही, तिथं सगळे ओळखीचे, आणि मराठी मंडळाच्या बायकांना आयताच विषय मिळाला असता. अंडी घरी अंगणात उन्हात ठेवून नासवली. बाबा नाकाला पंचा लावून म्हणाले, "काय करून राहिली तू ही?" मग ती लॅबमध्ये झाकणाच्या डब्यात फोडली, डब्यात आमचं एक नवं कोरं कार्ड टांगलं आणि झाकण लावलं. आठवड्यानं काढलं तर कार्डाचे चांदीचे पाय काजळ लावल्यासारखे काळे. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आता कोण नाही म्हणतो बघू.

झाकण उघडलं आणि वास शेडभर गेला. त्या दिवशी नेमकी चतुर्थी होती. माझ्या हातातल्या कार्डाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. "अंडं? लॅबमध्ये अंडं?" शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आपला फराळाचा डबा उचलून बाहेर निघून गेले, दोघांनी तक्रार केली, संध्याकाळपर्यंत चौकशी लागली. चौकशीत मला विचारलं, अंडी कोणाच्या परवानगीनं आणली, किती आणली, सणवाराचं भान होतं की नाही. मी कार्ड पुढं करत होते, ते म्हणत होते, आधी ते कचऱ्यात टाका. दारावर नोटीस लागली: प्रयोगशाळेत मांसाहारी पदार्थ आणू नयेत. अहो, पदार्थ! जसं काही मी आम्लेट करून खाणार होते. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात ते हेच.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, पाणी दिलं. मला वाटलं, आता तरी ऐकतील. ते अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, मला समजतं. तुझ्या घरात तो विषय आहे. भाऊंची छाती रोज ऐकते तू. म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं. थोडे दिवस सुट्टी घे, मन शांत कर."

त्यापेक्षा त्यांनी तोंडात मारलं असतं तर परवडलं असतं. चौदा-पंधरा वर्षं मी जे शिकले, जे केलं, ते सगळं त्यांनी एका वाक्यात माझ्या बापाच्या खोकल्यात नेऊन टाकलं. मी म्हटलं, "साहेब, चांदीच्या घरात कुणी आजारी नसतं. ती गॅसनं काळी पडते." ते हसले. म्हणाले, "हे पाहा, चिडली." मी बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, रागानं. घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं, फक्त खोकल्याचं तेवढं गाळलं. रोज सांगायचे मी त्यांना, भाजी चिरता चिरता, शब्द न् शब्द. ते "हो ना," "बरोबर आहे तुझं" म्हणत ऐकायचे. त्या घरात तेवढे एकच कान माझे होते.

कपाट झरोक्यांसकट तयार झालं. हळदीकुंकू लावून, नारळ फोडून पेटीत गेलं. आता ते बसवायला कोण जाणार? मी केलं होतं, माझ्या हातून चाचणी झाली होती. पण आमच्याकडे रीत वेगळी. जो निवृत्तीला आला त्याला जाता जाता एक परदेश दौरा मिळायचा. कुणी त्याला लाच म्हणत नसे, मान म्हणत. अगदी लेकीच्या पाठवणीसारखं सगळं व्हायचं, हारतुरे, डोळ्यांत पाणी. साहेब नव्या कोटात गेले, बरोबर हुकूम पाळणारे दोन तंत्रज्ञ. आयत्या बिळावर नागोबा. कपाट बसलं, जनित्र सुरू झालं, तार आली. विभागात पेढे वाटले. मीही खाल्ला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलासुद्धा वाटलं, देवा, माझंच चुकलेलं असू दे.

साहेब परत आले ते चॉकलेटं आणि फोटो घेऊन. हार घातलेल्या कपाटाशेजारी साहेब, मागं पांढरी वाफ. चॉकलेट वाटता वाटता हसून म्हणाले, "जागा एक नंबर आहे राजेहो! फक्त वास भारी. नासक्या अंड्यासारखा. मी तर पूर्ण वेळ रुमाल लावूनच उभा होतो." सगळे हसले. मी चॉकलेट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "साहेब, कार्डांच्या नाकाला कोण रुमाल लावणार?" साहेब पुढच्या टेबलाकडे गेले. महिन्याभरात शाल-श्रीफळ घेऊन ते निवृत्त झाले, कोलार रोडला बांधलेल्या घरात राहायला गेले.

वर्ष काही पुरतं झालं नाही. आधी एकदा जनित्र आपोआप बंद पडलं, मग आठवड्यात दोनदा, मग ते सुरूच होईना. तिकडच्या लोकांनी आमचं एक कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवलं. काळं ठिक्कर. त्यांनी जुनं कपाट अजून भंगारात टाकलं नव्हतं, घासूनपुसून तेच पुन्हा लावलं आणि ते चाललं! बाकीच्या कपाटांचं काम त्यांनी दुसऱ्यांना दिलं.

मीटिंग झाली. ग्राहकानं देखभाल नीट केली नाही असं ठरलं. नाचता येईना अंगण वाकडं. मी नव्या साहेबांना जाऊन भेटले. दिल्लीकडचे, नवे, त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. मला वाटलं, कोऱ्या पाटीवर तरी लिहिता येईल. मी म्हटलं, सर, हे होणार हे मी आधी सांगितलं होतं, करून दाखवलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "अच्छा, वो अंडेवाली मॅडम आप ही हैं?"

एवढंच पोचलं होतं त्यांच्यापर्यंत. मी "जी" म्हटलं आणि उठले.

विभाग बंद झाला. माझा हुकूम आला, दक्षिणेत, समुद्राकाठी. डॉक्टरांना विचारलं, ते पुन्हा तेच म्हणाले, हिलाना मत. बाबांना ठेवायचं तरी कुणाकडे? मी अर्ज केले, चार इमलीला एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर ओळख काढून गेले, त्यांच्या कुत्र्यानं तेवढी दखल घेतली. शेवटी राजीनामा दिला. चाळिशी नुकती उलटली होती. हात चालत होते, डोकं चालत होतं, आणि मी महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये पोरांना भौतिकशास्त्राची गणितं शिकवायला लागले. तिथल्या फळ्यावर मी पुष्कळ जनित्रं काढली. क्वार्टर सोडायला मुदत होती म्हणून अजून तिथंच होतो, अर्ध्या घराचं सामान बांधून.

त्याच दिवसांत एका रविवारी आमचे जुने साहेब आले. मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला, हातात अक्षता आणि पत्रिका. बाबा खुर्चीतून उठायला लागले, साहेबांनी "बसा भाऊ, बसा" म्हणून खांदा दाबला. मी स्वयंपाकघरात चहा टाकला. मधे फक्त पडदा, सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी लग्नाचं सांगितलं, सुनेच्या नोकरीचं सांगितलं, मग बांधलेल्या खोक्यांकडे पाहून उसासा टाकला.

"वाईट झालं भाऊ विभागाचं. त्या गॅसनं घात केला."

पहिल्यांदा. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, आणि कसा सहज निघाला, मीठ मागावं तसा.

"काय सांगू," साहेब म्हणाले, "आम्हाला कुणाला कल्पनाच नव्हती. तुमची पोरगी हुशार, तिनं वाचलेलं होतं म्हणे सगळं. वेळेवर नीट समजावून सांगितलं असतं, तर आज ही पाळी आली नसती. थोडी तापट आहे, नाही का? भांडत बसली. सांगायला हवं होतं तिनं."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. मी गॅस बंद केला आणि पडद्याशी आले, दोन शब्द सुनवायचे म्हणून. पण त्याआधी मला बाबांचं ऐकायचं होतं. त्यांना सगळं माहीत होतं. चतुर्थी माहीत होती, अंडी त्यांच्याच अंगणात नासली होती, रुमाल माहीत होता. मला वाटलं, आज हा माणूस बोलेल. दम लागला तरी बोलेल.

बाबा खुर्चीत पुढं झाले होते. त्यांनी दोन्ही हात जोडले होते, कचेरीत वरिष्ठांपुढे जोडावेत तसे. म्हणाले, "हो ना साहेब. चुकलं तिचं. लहान आहे, पदरात घ्या."

साहेब म्हणाले, "छे छे भाऊ, मी मनात ठेवत नाही."

मी चहा नेऊन दिला. काय करणार? दोन कप ठेवले. साहेबांनी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या, म्हणाले, "नक्की ये बेटा." आणि गेले.

मग मी बाबांसमोर उभी राहिले. आवाज चढला माझा, चढायलाच हवा होता. "तुम्हाला माहीत होतं ना? सगळं माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

ते खाली पाहत होते. म्हणाले, "साहेब लोक घरी आले की मला समजतच नाही ग काय बोलावं. नुकसानभरपाईच्या तपासणीला बोलवायचे ना आम्हाला, त्या रात्रीनंतर, तिथं पण असंच व्हायचं. ते म्हणत, तुम्ही स्टेशनवर गेलातच कशाला. आणि मी म्हणे, हो साहेब, चुकलं."

मला त्यांची दया यायला हवी होती. लोक हे ऐकून म्हणतात, बिचारे बाबा. आली, दया आली, पण ती दुसऱ्या नंबरावर. आधी राग आला, आणि तो इतक्या वर्षांनी, ते गेल्यानंतरही, पहिल्याच नंबरावर आहे. ज्याच्या छातीसाठी मी माझं काम सोडलं, त्यानं माझ्या बाजूनं एक वाक्य बोलायचं होतं. साहेबांनी, कमिटीनं, सगळ्या शेडनं मला खोटं पाडलं ते मी सोसलं असतं. सोसलंच. पण घरातल्या माणसानं, मी आत उभी असताना, माझ्या वतीनं माफी मागितली, आणि ती मंजूरही झाली.